छोट्या विमानाचे आवरण आणि मुलांचे हात

बालरोगतज्ज्ञाने खेळातल्या विमानांविषयी लिहावे, याचे वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु मुलांच्या हातांना कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये, हा प्रश्न आमच्याच शास्त्राचा आहे.

राष्ट्रीय छात्र सेनेची हवाई शाखा १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली. तिच्या छात्रांना एअरोमॉडेलिंग आजही शिकविले जाते. घरोघरी मात्र निराळे चित्र दिसते. विमान मुलाने उडवायचे, फाटले तर वडिलांनी चिकटवायचे, नाहीतर नवे आणायचे. माझे मत असे की, उडविण्याइतकेच शिक्षण आवरणाची निगा राखण्यात आहे आणि ते काम मुलाचेच असावे.

बाल्सा लाकडाच्या हलक्या सांगाड्यावर पातळ कागद ताणून त्यावर डोप लावतात, किंवा उष्णतेने आक्रसणारी प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने बसवितात. डहीसारख्या निमाडच्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. कोरड्या हवेत लाकूड आक्रसते आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात डोप लावला तर दमट हवेमुळे त्यावर पांढुरकी झाक येते. सुरकुती काढताना पंखाची एकच बाजू अधिक ताणली गेली, तर पंखाला पीळ बसतो व विमान एका अंगाला कलते. म्हणून दर वेळी पंख मागून नजरेने पारखावा.

फाटलेल्या जागी ठिगळ लगेच लावावे. इंधनातील तेल एकदा लाकडात मुरले की त्यावर काहीच नीट चिकटत नाही. जखम आधी स्वच्छ करावी, मग बांधावी, हा आपला नियम येथेही लागू पडतो. डिकल कोमट पाण्यात भिजवून अलगद सरकवावे, खालचे पाणी व हवा मऊ फडक्याने टिपावी, आणि पूर्ण वाळल्यावर कडांवर इंधनाने न विरघळणारे पारदर्शक वॉर्निश द्यावे. तसे न केल्यास हवाई दलाचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ कडेपासून सुटू लागते.

पुसणे, डिकल लावणे, ठिगळ कापणे ही कामे आठ-दहा वर्षांचे मूल सहज करते. गरम इस्त्री मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावी. डोप मोठ्यांनीच, उघड्या हवेत व विस्तवापासून दूर लावावा.

इंधनाबाबत मात्र तडजोड नको. ग्लो इंजिनाच्या इंधनात मुख्यत्वे मिथेनॉल असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते व दृष्टिमज्जा निकामी होऊ शकते. थोडी मात्राही लहान मुलाच्या जिवावर बेतते. लक्षणे कित्येक तास उशिरा दिसतात, तेव्हा ती दिसण्याची वाट न पाहता, उलटी न करविता, मुलास थेट रुग्णालयात न्यावे. शीतपेयाच्या बाटलीतले रॉकेल प्यालेली मुले आपणांपैकी अनेकांनी तपासली आहेत. इंधनही तशा बाटलीत कधीच ठेवू नये. ते मूळ डब्यात, कुलपात असावे.

मोडले की टाकून द्यायचे, ही सवय मुले आपल्याकडूनच उचलतात. ठिगळ लावलेले विमान पुन्हा उडते, हे त्यांना आपल्या हातांनी अनुभवू द्यावे. पालकांनी शेजारी बसावे. हात मुलांचे चालू द्यावेत.