आधी स्लाइड, मग किट

नाकातून रक्त येते आहे, नखे वाढून वाकडी झाली आहेत, डोळ्यांभोवतीचे केस जाऊन कोंडा सुटला आहे, खाऊनही अंग धरत नाही, पोट चाचपावे तर प्लीहा हाताला लागते. असे कुत्रे टेबलावर आले आणि किटवर लिश्मानियाची फिकट रेघ उमटली, की निदान झाले असे वाटू लागते. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या व्यवसायबंधूंना आमची कळकळीची विनंती आहे : तेवढ्या रेघेवरून केसपेपरवर रोगाचे नाव लिहू नका.

अँटिबॉडीकडे पाहण्याची आपली सवय लसीकरणातून आलेली आहे. रेबीजच्या लशीनंतर टायटर प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एककांवर गेला की आपण निश्चिंत होतो. लिश्मानियात नेमके उलटे घडते. हा परजीवी मॅक्रोफेज पेशीच्या आत राहतो, तिथे अँटिबॉडीचा हात पोचत नाही. त्याला मारायचे तर टी-पेशींनी गॅमा इंटरफेरॉन सोडून त्या मॅक्रोफेजलाच जागे करावे लागते. ज्या कुत्र्याला हे साधते, ते परजीवी अंगात असूनही वर्षानुवर्षे धडधाकट राहते आणि त्याचा टायटर कमी असतो, कधी सापडतही नाही. ज्याला साधत नाही, त्याच्या बी-पेशी अँटिबॉडीचा पूर सोडतात. ग्लोब्युलिन वाढते, अल्ब्युमिन घसरते, अँटिजेन-अँटिबॉडीची जोडगोळी मूत्रपिंडाच्या गाळणीत, डोळ्यांत, सांध्यांत जाऊन बसते. अशी कुत्री बहुधा शेवटी मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. म्हणून मालक जेव्हा विचारतो, “टायटर जास्त आहे म्हणजे ताकद चांगली ना, डॉक्टर?” तेव्हा त्याला थांबवून समजावून सांगावे लागते. संसर्गानंतर अँटिबॉडी दिसायलाही काही महिने जातात आणि उपचारानंतर त्या हळूहळूच उतरतात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत, जिथे हा रोग घरचा आहे, तिथले तज्ज्ञसुद्धा लक्षणे जुळत असतील आणि टायटर प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या तीन-चार पट असेल, तरच केवळ सेरोलॉजीवर विसंबतात. टायटर कमी असेल तर पीसीआर करतात, नाहीतर काही काळाने पुन्हा रक्त तपासतात.

आपल्या भागात तर आणखी एक पेच आहे, आणि त्याचा पुरावा जगाला चंद्रपूर जिल्ह्यानेच दिला. २००४ साली सिवनी या गावच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय सापडला. म्हणजे आपला ओळखीचा सर्रा, उंट-घोड्यांचा, गुराढोरांचा, कुत्र्यांचा, आणि तो माणसात! नागपूरच्या डॉक्टरांनी तो स्मिअरमध्ये पाहिला. पुढे सुरामिन देऊन रुग्ण बरा झाला, आणि त्याच्या रक्तात हा परजीवी मारणारे एपोएल-१ हे प्रथिनच नव्हते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. पण पशुवैद्यांनी लक्षात ठेवावी ती गोष्ट पुढची आहे. त्या गावातल्या १,८०६ माणसांची अँटिबॉडी तपासणी झाली. कार्डावर रक्ताचा थेंब मिसळून गुठळी बघायची, अशी ती चाचणी. ४१० जण पॉझिटिव्ह आले, जवळपास दर चार-पाच माणसांमागे एक. सीरम पातळ करून पुन्हा पाहिले तेव्हा ८१ उरले. त्यांतल्या जास्त टायटरच्या ६० जणांचे रक्त शोधले, तर परजीवी एकाच्याही रक्तात मिळाला नाही. अँटिबॉडीने त्या माणसांचा परजीवीशी, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कशाशी तरी, कधीतरी संबंध आल्याचे सांगितले. आज ते आजारी आहेत की नाही, हे तिने सांगितले नाही.

ट्रिपॅनोसोमा आणि लिश्मानिया एकाच कुळातले. अख्ख्या परजीवीचे अँटिजेन वापरणाऱ्या चाचण्यांत एकाची अँटिबॉडी दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ शकते. आपल्या जंगलपट्ट्यात सर्राला वावही भरपूर. पावसाळ्यात तलावांच्या काठी, गोठ्यांत टॅबॅनसच्या चावऱ्या माश्या असतात, वरवर निरोगी दिसणारी गाय-म्हैस परजीवी बाळगून असते, आणि मेलेल्या जनावराच्या कच्च्या मांसावर तुटून पडणाऱ्या कुत्र्याला तोंडावाटेही लागण होते. शिवाय गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बॅबेसिया. प्लेटलेट कमी, नाकातून रक्त, वाढलेली प्लीहा ही चित्रे एकमेकांवर इतकी चढतात की नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येत नाहीत. एर्लिकियाच्या अँटिबॉडी तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स संपून कुत्रे हिंडू-फिरू लागले तरी महिनोन् महिने रेंगाळतात.

मग लिश्मानिया आपल्याकडे नाहीच का? असेही ठामपणे म्हणू नये. भारतातला काळा आजार लिश्मानिया डोनोव्हानीचा. तो मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालचा, आणि वाळूमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जाणारा मानला जातो, कुत्र्याकडून नव्हे. पण वाळूमाशी विदर्भाला परकी नाही. चांदीपुरा विषाणूला नाव मिळाले ते नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यावरून, १९६५ साली, आणि त्याचा प्रसार तीच करते. त्यात परप्रांतातून, परदेशातून आणलेली कुत्री आता तालुक्याच्या गावीही दिसतात. म्हणून कुत्रे कुठून आणले, हे केसपेपरवर पहिल्या ओळीत हवे.

आणि काम स्लाइडवर व्हावे. कानाच्या कडेला बारीक टोचून पहिला थेंब ओल्या स्मिअरसाठी घ्या, ४०च्या लेन्सखाली लगेच बघा. सर्रा असेल तर तांबड्या पेशी जागच्या जागी धक्के खाताना दिसतात, आणि मग त्यांना ढकलत वळवळणारा चाबकासारखा जीव. तो रक्तात येऊन-जाऊन असतो, तेव्हा एका दिवशी दिसला नाही म्हणून सोडू नका, ताप चढलेला असताना पुन्हा घ्या. दुसरी स्लाइड जिम्सात रंगवा. सुजलेल्या गाठीतून बारीक सुईने द्रव काढा. लिश्मानिया असेल तर मॅक्रोफेजमध्ये अंडाकृती अमॅस्टिगोट दिसतील, प्रत्येकात केंद्रक आणि शेजारी आडवी काडी, कायनेटोप्लास्ट. ही काडी दिसल्याशिवाय नाव घेऊ नये. एकूण प्रथिने, अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर आणि लघवीतील प्रथिने पाहा. सीरमची एक नळी गोठवून ठेवा. पुढच्या नमुन्याशी एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत ताडून पाहता येते.

घाईची किंमत कुत्रे मोजते. ब्राझीलने वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह अँटिबॉडीवर कुत्री मारली, माणसांतला रोग अपेक्षेइतका हटला नाही. आपल्याकडे कोणी मारायला सांगणार नाही, पण सर्राच्या कुत्र्याला लिश्मानियाचे ॲलोप्युरिनॉल चालू केले तर त्याचे आठवडे वाया जातात, आणि उलट, खात्री नसताना सर्राचे डायमिनाझीन दिले आणि मात्रा चुकली तर मेंदूवर परिणाम होतो. मिल्टेफोसिन हे तर काळ्या आजाराच्या माणसांचेही औषध. फिकट रेघेसाठी ते कुत्र्यांत वापरणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

या दोन जिल्ह्यांतून गाठीच्या द्रवाची किंवा रक्ताची संशयास्पद स्लाइड निघाली, तर तिच्यासोबत गाव, ऋतू, कुत्र्याचे वय, गोचीड, आधी दिलेली औषधे लिहून आणि किटचा फोटो जोडून आमच्याकडे पाठवा. निगेटिव्ह निघालेलीही पाठवा. ती आम्ही नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयातल्या परजीवीशास्त्राच्या जाणकारांना दाखवू आणि त्यांनी जे पाहिले ते फोटोसह इथे छापू.