गणिताची भीती मुलं जन्मतः घेऊन येत नाहीत

2024 च्या ऑक्टोबर महिन्यात राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद खूप गाजली. दहावीला गणित किंवा विज्ञानात 35 पेक्षा कमी, पण किमान 20 गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावं, अशी ती तरतूद. सोबत अट अशी की गुणपत्रिकेवर शेरा येईल आणि गणित-विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही. अनेक पालकांनी ही बातमी ऐकून सुटकेचा श्वास सोडला. "चला, पोरगं पास तर होईल!"

आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. नापास होऊन शाळा सोडणाऱ्या मुलाला वाट मिळते, हे चांगलंच. पण त्या शेऱ्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोणकोणते दरवाजे बंद होतात, तेही पाहायला हवं. फार्मसी, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, सायन्स शाखा यांची वाट तिथेच अडते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतसुद्धा अंकगणित असतंच, तिथे गणित सुटत नाही. आपल्या समाजातली बरीच मुलं घरातून शाळेत जाणारी पहिली किंवा दुसरी पिढी आहे. त्यांच्यासाठी गणित सोडणं म्हणजे पुढची निम्मी वाट सोडणं.

खरं तर दहावीत दिसणारी ही अडचण तिसरी-चौथीतच सुरू झालेली असते. ग्रामीण भागात केलेल्या 'असर' 2024 च्या पाहणीनुसार देशात तिसरीच्या 33.7 टक्के मुलांनाच वजाबाकी येते आणि पाचवीच्या 30.7 टक्के मुलांनाच भागाकार येतो. हे आकडे 2022 पेक्षा सुधारलेले आहेत, तरी पाचवीतली दहापैकी जवळपास सात मुलं भागाकार न येताच पुढे सरकतात. गणित हा जिन्यासारखा विषय. इतिहासाचा एक धडा बुडाला तर पुढचा समजतो. इथे हातचा समजला नाही तर भागाकार नाही, भागाकार नाही तर अपूर्णांक नाही, आणि अपूर्णांक नाही तर बीजगणित म्हणजे नुसती अक्षरं. मग मूल म्हणतं, "मला गणित आवडत नाही." त्याचा खरा अर्थ असतो, "माझी एक पायरी सुटली आहे आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही."

दुसरं कारण भाषेचं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' ऐवजी 'साठ तीन' असं वाचन सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, चर्चा रंगल्या. पण मुद्दा खरा होता: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द लहान मुलाला गोंधळात टाकतात. ऐकू येतं 'ऐंशी' आणि लिहायचं असतं 79. आपल्या घरांमध्ये हा गोंधळ दुप्पट होतो. घरी उनसठ, उनहत्तर. बाजारात एकोणसाठ, एकोणसत्तर. आणि सेमी इंग्लिश असेल तर फिफ्टी नाइन. उर्दू शाळेत शिकलेला 'कसर' मराठी शाळेत 'अपूर्णांक' होतो आणि इंग्रजीत 'फ्रॅक्शन'. मुलाला हिशोब येत असतो, पण शब्द अडवतो, आणि आपण मात्र त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो.

हिशोब येत असतो, हे आम्ही उगाच म्हणत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड व्यवहार तोंडी, बिनचूक करत होती. पण तोच हिशोब शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडला की अडत होती. आणि फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातले हिशोब जमत नव्हते. म्हणजे दुकान आणि वर्ग यांच्यामध्ये पूलच नाही. अब्बांच्या फळगाडीवर किंवा मामूच्या गॅरेजमध्ये बसणारी किती तरी मुलं आपल्या मोहल्ल्यात आहेत. त्यांनी शाळा सोडून तिथे बसावं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण सुट्टीच्या दिवशी मूल दुकानात असेल, तर तोंडी केलेला हिशोब त्याला वहीत लिहायला लावा. 35 रुपये पावशेर, तर सव्वा किलोचे किती? 175. ते 'कसं काढलंस' एवढं विचारा. तोच पूल.

तिसरं कारण भीती, आणि ती बहुतेक वेळा मोठ्यांकडून येते. "आमच्या खानदानात कुणालाच गणित आलं नाही", "मुलगी आहे, तिला कशाला एवढं गणित" ही वाक्यं मूल ऐकत असतं. वर्गातही चूक झाली की छडी किंवा हसू. मरियम मिर्झाखानी या इराणी गणितज्ञ 2014 मध्ये फील्ड्स मेडल मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या महिला ठरल्या. शाळेत एक वर्ष त्यांचं गणित मागे पडलं होतं, कारण शिक्षिकेला त्यांच्यात काही विशेष वाटत नव्हतं. पुढच्या वर्षी धीर देणारे शिक्षक मिळाले आणि चित्र बदललं, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मुलगी तीच होती.

मग करायचं काय? महागड्या ट्यूशनआधी काही साध्या गोष्टी करता येतात.

पहिली, सुटलेली पायरी शोधा. आठवीच्या मुलाला समीकरण येत नसेल तर चौथीचा भागाकार आणि पाचवीचे अपूर्णांक तपासा. त्यात लाज कसली?

दुसरी, चुकीला रागावू नका, तिचं कारण विचारा. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं बरीच मुलं लिहितात. अंशात अंश, छेदात छेद मिळवले. त्याला म्हणा, "अर्धी भाकरी घेतलीस, वर आणखी तिसरा हिस्सा घेतलास, मग वाटा अर्ध्यापेक्षा कमी कसा झाला?" मूल स्वतःच थांबेल आणि विचार करेल.

तिसरी, घरातलं गणित वापरा. रमजानमध्ये जकातचा हिशोब मुलांना करू द्या. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग: 60,000 ला आधी 4 ने, मग 10 ने भागा, आले 1,500. विरासतीत मुलंबाळं असलेल्या माणसाच्या पत्नीला आठवा हिस्सा आणि आईला सहावा. दोन्ही मिळून किती? छेद 24 केला तर तीन आणि चार, म्हणजे सात चोविसांश. मुलांसाठी सतरा चोविसांश उरले. लसावि कशाला शिकायचा, याचं उत्तर इथे मिळतं. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांनी ज्या ग्रंथात बीजगणित मांडलं, त्यातच वारसा हक्काच्या वाटणीची उदाहरणंही होती. 'अल्जेब्रा' हा शब्द त्याच ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. पण नुसता अभिमान बाळगून भागणार नाही, मुलांना आज भागाकार यायला हवा.

चौथी गोष्ट शाळांसाठी आणि जमातच्या जबाबदार मंडळींसाठी. मदरशातली किंवा मोहल्ल्याच्या लायब्ररीतली एक खोली संध्याकाळी तासभर उघडा. कॉलेजच्या मुला-मुलींना तिथे पाचवी ते सातवीचं गणित शिकवायला बसवा. उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांतल्या गणिती शब्दांचा एक तक्ता भिंतीवर लावा. खर्च फार नाही, हवा असतो तो नियमितपणा.

35 असो की 20, गुणांची रेषा सरकार ठरवेल. पण मूल त्या रेषेपर्यंत घाबरत पोहोचतं की समजून पोहोचतं, हे घर आणि वर्ग मिळून ठरवतात. आज रात्री जेवणानंतर वही उघडून एवढंच विचारा, "बेटा, नेमकं कुठून समजेनासं झालं?" आणि उत्तर येईपर्यंत रागावू नका.