हसतानाचा नाही का एखादा?

‘मॅडम, हसतानाचा नाही का एखादा?’

पंचवीस-सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता क्रीडा पानावरून फोन आला की समोरच्याच्या आधी मीच सांगून टाकते, ‘हसतानाचा नाहीये. पकड करतानाचा आहे. दात-ओठ खाल्लेला.’ मग पलीकडे जरा शांतता. मग हळूच, ‘तसं नाही मॅडम, पण मुलींचा आहे ना, पानावर छान दिसायला हवा.’

मुलांच्या सामन्याचे फोटो पाठवते तेव्हा हे कोणी विचारत नाही. मुलगा ओरडतोय, तोंडात माती गेलीय, गळ्याच्या शिरा तटतटल्यात, की लगेच ‘काय फोटो आहे!’ मुलगी तशीच दिसली की ‘जरा बरा बघा.’ मैत्रिणींनो, आज मला एवढ्यावरच भांडायचंय.

मी सांगलीत फोटो स्टुडिओ चालवते. मूळचा वडिलांचा. पोटासाठी पोर्ट्रेट आणि जिवासाठी खेळ, अशी माझी सरळ वाटणी आहे. पोर्ट्रेट म्हटलं की भारी वाटतं, पण त्यात काय काय येतं ते ऐका. पासपोर्ट फोटो, बारशाचं बाळ, निवृत्त होणारे मुख्याध्यापक, नवा दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरीणबाई, आणि स्थळासाठीचे फोटो. लग्नाच्या ऑर्डरी मी घेत नाही. खरा पैसा त्यातच आहे, हे मला घरचे आणि बाजारपेठेतले सगळेच सांगतात. पण लग्नसराई आणि स्पर्धांचा मोसम नेमका एकाच वेळी, दिवाळीनंतर. दोन्ही तर करता येत नाही. मी मैदान निवडलं.

मैदानाचा हिशेब सांगते. हॉलमध्ये खेळ टिपायचा तर ज्या लेन्सवाचून चालत नाही, ती आज दोन लाखांच्या पुढे आहे. मोठ्या मैदानावर लांबून टिपणारी चांगली लेन्स घ्यायची तर दहा लाखही पुरत नाहीत, म्हणून ती मी भाड्याने आणते, तीही वर्षातून एखाद-दोनदा. आणि छापून आलेल्या फोटोचे मिळतात दीडशे-दोनशे रुपये, तेही आठवण केल्यावर. पुष्कळ ठिकाणी तर ‘फोटोखाली तुमचं नाव देऊ ना!’ यावरच बोळवण. नाव काय, विजेच्या बिलाला चालतं का? मुलींच्या एका सामन्यामागे मी पेट्रोल धरून तोट्यातच असते. तो तोटा भरून निघतो पासपोर्ट फोटोंवर. म्हणजे कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढायला येणारी पोरं नकळत मुलींच्या कबड्डीला हातभार लावतात, असं म्हणा!

आता मैदानावरचं. कबड्डीत बसायचं कुठे, इथूनच सुरुवात. चढाई करणारी मुलगी ज्या बाजूला तोंड करून जाते, तिकडच्या शेवटच्या रेषेमागे बसावं लागतं, नाहीतर सबंध सामन्यात तुम्हाला तिची पाठच मिळते. तिथे बसलात तर मध्ये बचाव करणाऱ्या सात जणींच्या पाठी. म्हणून जमिनीला टेकायचं, अगदी फतकल मारून, आणि त्यांच्या पायांच्या मधून तिचा चेहरा शोधायचा. मुलींचं मैदान बारा मीटर बाय आठ मीटर, मुलांपेक्षा लहान, त्यामुळे सगळं जास्त जवळ आणि जास्त पटकन घडतं. चढाई तीस सेकंदांची. फ्लॅश मारायचा नाही, खेळणाऱ्यांचे डोळे दिपतात. हॉलमधल्या दिव्यांना म्हणावा तसा उजेड नसतो, आणि त्यातले काही दिवे असे लपलपतात की एक फोटो पिवळा, दुसरा हिरवा येतो. पकड झाली की पाच-सहा जणींचा ढीग पडतो, त्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही. नवखा माणूस तिथेच बटण दाबून मोकळा होतो. खरा फोटो त्यानंतरचा. ढीग सुटतो, तळातली मुलगी हात मध्यरेषेकडे ताणते, रेषा बोटभर लांब राहिलेली असते... तेव्हाचा तिचा चेहरा! तो मिळावा म्हणून मी दिवसाला हजार-बाराशे फोटो काढते. रात्री बसून त्यातले दहा-बारा ठेवते.

तो चेहरा छान नसतो. तोंड उघडं, कपाळाला माती, केसांतून सुटलेली पिन. पण सोळा वर्षांची पोर एवढी एकवटलेली मला स्टुडिओत कधीच दिसत नाही. स्टुडिओत तीच पोर येते तेव्हा आईने आधीच बजावलेलं असतं, ‘दात दाखवू नकोस, मान थोडी खाली घे.’

या स्थळाच्या फोटोंचा तर मला वेगळाच अनुभव आहे. राज्य पातळीवर खेळलेल्या कितीतरी मुलींचे स्थळाचे फोटो मी काढलेत. साडी, कुंडी, हात असा पुढे जुळवलेला. मी एकदा एका आईला सहज म्हटलं, ‘ताई, हिचा चढाईचा एक सुंदर फोटो आहे माझ्याकडे, तोही पाठवा की सोबत.’ त्या इतक्या दचकल्या! ‘नको हो, त्यात गुडघे दिसतात. आणि तोंड बघा कसं केलंय.’ मुलगी शेजारीच उभी होती. काही बोलली नाही, पण निघताना मोबाइलवर तेवढा फोटो मागून घेऊन गेली. त्या आईला मी नावं ठेवणार नाही. तिला मुलीचं लग्न जमवायचंय, आणि समोरचे काय बघतात ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. राग येतो तो त्या समोरच्यांचा.

आणखी एक काम स्टुडिओकडे येतं, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. घरातलं माणूस गेलं की हार घालायला फोटो लागतो. पुरुषांचे असतात. सत्काराचा, ऑफिसचा, निवडणुकीला उभा राहिलेला असेल तर विचारूच नका. बाईचा एकटीचा फोटो मात्र पुष्कळ घरांत सापडतच नाही. मग कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो येतो आणि त्यातून तिचा चेहरा कापून मोठा करायचा. खांद्यावर कुणाचातरी हात असतो, तो पुसायचा. पदराच्या जागी रंग भरायचा. साठ-सत्तर वर्षं घर चालवलेल्या बाईचा स्वतःचा असा एक फोटो नाही. आणि काम करतानाचा तर नाहीच नाही. भाकरी थापताना, शेतात, दुकानात, शाळेत शिकवताना, काही नाही.

मुलींच्या खेळाचंही तेच झालंय असं मला वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या स्टुडिओत छातीएवढं पाणी. कॅमेरे वर नेता आले, पण निगेटिव्हची दोन लोखंडी कपाटं कोण उचलणार? फिल्मवरचा थर पाण्यात मऊ पडतो, एकमेकांना चिकटतो, आणि वरून गाळ. पाणी ओसरल्यावर महिनाभर लोक लग्नाचे फोटो विचारत येत होते. एक दिवस एक बाई आल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला जिल्ह्याकडून खेळायच्या, डाव्या कोपऱ्यावर, घोट्याची पकड अशी की बघत राहावं! खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली होती, दोन मुलं. म्हणाल्या, ‘माझा एखादा खेळतानाचा आहे का? मुलीला दाखवायचाय. तिला खरंच वाटत नाही.’ तिच्याकडे प्रमाणपत्रं होती, ढाली होत्या, सत्काराचा फोटोही होता, हसतानाचा, पाहुण्यांच्या शेजारी. खेळतानाचा एकही नाही. त्या काळात त्या सामन्यांना कॅमेरा घेऊन येणारी मी एकटीच असायचे, आणि माझ्याकडचं पाण्यात गेलं. वर्तमानपत्रांकडे असावा म्हणावं, तर त्यांनी मुलींचा सामना दोन ओळींत आटपलेला.

आता यावर मला नेहमी एक गोष्ट ऐकवली जाते, आणि ती खोटी नाही. ‘मॅडम, मुलींचे मैदानावरचे फोटो लोक कुठल्या नजरेनं बघतात ते तुम्हाला माहीत नाही का?’ माहीत आहे. माझ्या शेजारी बसून, खेळ कुठे चाललाय याच्याशी देणंघेणं नसलेले कॅमेरे मी पाहिलेत. आयोजकांना सांगून एकाला उठवलंही आहे. माझ्या दहा-बारा फोटोंत असे फोटो नसतात. जर्सी सरकलेली असेल, कोन विचित्र असेल, तर तो फोटो कितीही चांगला असो, मी त्याच रात्री पुसते. पण अंग बघणारा फोटो वेगळा आणि ताकद दाखवणारा फोटो वेगळा. पहिल्याच्या भीतीने दुसराच छापायचा नाही, हे मला पटत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी आपल्या कॅमेरावाल्यांना जाहीरपणे सांगितलं होतं, की पुरुष आणि बायका एकाच पद्धतीने टिपा. २०२४ साल उजाडूनही हे सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

गंमत म्हणजे आपल्या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात नेमका फोटो एका बाईच्या शर्यतीचाच आहे. १९८४ ची लॉस एंजेलिसची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. पी. टी. उषा ५५.४२ सेकंद, तिसरी आलेली ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ गेलं, आणि तो निकाल शेवटच्या रेषेवरच्या कॅमेऱ्याने दिला. त्या कॅमेऱ्याला कोण छान दिसतंय याच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

फोटो काढणारीचंही जरा बोलू. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावावर, माणेकशॉंच्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा वय ९७. हे नावाचं प्रकरण तेव्हाच संपलं असं समजू नका. माझ्या फोटोखाली आजही पुष्कळदा ‘छाया : स्टुडिओ’ असं येतं, माझं नाव नाही. कायद्याने काढणाऱ्याला आपलं नाव मागण्याचा हक्क आहे. मालकीचं मात्र गमतीदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालकी त्या पैसे देणाऱ्याची. म्हणजे स्टुडिओतले माझे बरेचसे चेहरे माझे नाहीत. आणि मैदानावरचे, ज्यांचे मला कोणी पैसे देत नाही, ते मात्र पूर्ण माझे!

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. शेवटचा झेल घ्यायला मागे धावणारी हरमनप्रीत सगळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशीच्या पानांवर ओरडणाऱ्या, रडणाऱ्या, एकमेकींवर उड्या मारणाऱ्या मुली होत्या आणि कोणाला त्या वाईट दिसल्या नाहीत. तेव्हा वाचकांना असलं आवडत नाही, हे कारण आता मला कोणी देऊ नये. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तोही आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खांबाशी सूर मारणाऱ्या मुलीचा फोटो तुमच्यापैकी किती जणींना आठवतो? मला तर वाटतं, खो-खोतल्या सुराएवढं सुंदर दृश्य दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल. असो, हे माझं वेड झालं.

गेल्या दोन वर्षांपासून मी एक केलंय. जिल्ह्यातल्या मुलींच्या स्पर्धा झाल्या की त्यातले निवडक फोटो छापून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावते. बाजूला किंमत, आठ बाय बारा, दीडशे रुपये. आधी तिथे नवरीचे आणि बाळांचे फोटो असायचे. शेजारचे दुकानदार म्हणाले, ‘गिऱ्हाईक कमी होईल.’ झालं नाही. गेल्या मोसमात अकरा फोटो विकले गेले. सात त्या मुलींनीच नेले, त्यातल्या दोघींनी पन्नास-पन्नास करून. तीन त्यांच्या शिक्षकांनी. आणि एक एका आजीने, कवठे महांकाळहून एसटीने येऊन. त्यांच्या नातीचा होता, तोंडभर माती असलेला. मी म्हटलं, ‘आजी, दुसराही आहे, उभा राहिलेला, बघता का?’ तर म्हणाल्या, ‘उभी तर ती घरी पण असते की.’