देवराई हीच प्रयोगशाळा

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. अंमलबजावणीसाठी २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले. आज पाठ्यपुस्तक आहे, प्रकल्पवही आहे, गुणही आहेत. परंतु प्रकल्पवहीत चिकटवायची पक्ष्यांची चित्रे दुकानातून विकत येतात आणि ती चिकटविणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेच्या आवारातील झाडाचे नाव सांगता येत नाही. दोष त्याचा नव्हे. निसर्ग चार भिंतींत शिकविता येतो, या आपल्या समजुतीचा आहे.

ज्या भूमीत ज्ञानसाधना तपोवनांत झाली, त्या भूमीत अशी समजूत रुजावी, हे आश्चर्यच. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा सुरू करून मुलांना झाडांखाली बसविले, ते याच परंपरेचे स्मरण ठेवून. महाराष्ट्राला तर पूर्वजांनी सिद्ध प्रयोगशाळाच दिली आहे. ती म्हणजे देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. राज्यात आजवर दोन हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. देवाच्या नावाने कुऱ्हाडीपासून वाचलेल्या या वनांत गारंबीचे अजस्र वेल आहेत, बारमाही झरे आहेत आणि ढोली असलेले जुने वृक्ष आहेत. धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबविते. नर फटीतून तिला फळे भरवितो. खाल्लेल्या फळांच्या बिया हा पक्षी रानभर पेरतो. परस्परावलंबनाचा याहून स्पष्ट धडा कोणत्या पुस्तकात मिळेल?

या प्रयोगशाळेत आधुनिक तंत्रज्ञानाचे स्वागतच केले पाहिजे. मोबाईलवरील ‘मर्लिन’सारखे ॲप आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचविते. ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात मुले एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले व फळे नोंदवितात. केरळमधील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे. अशा नोंदी वर्षानुवर्षे साचल्या, की ऋतुचक्रातील बदल दिसू लागतात. मात्र यंत्राचे स्थान ओळखले पाहिजे. यंत्र नाव सुचविते. ते पडताळून पाहण्यासाठी डोळे लागतात आणि त्या झाडाचा औषधी उपयोग गावातील आजीलाच ठाऊक असतो. म्हणून पाच मुलांत एक मोबाईल पुरे. पक्ष्यांना बोलाविण्यासाठी ध्वनिफिती वाजवू नयेत, घरट्यांची ठिकाणे जाहीर करू नयेत, हा संस्कारही त्याच तासाला व्हावा.

येथे एक कटू सत्य आपण आपल्याच समाजाला सांगितले पाहिजे. ज्या श्रद्धेने देवराया राखल्या, तिच्याच नावाने आज अनेक ठिकाणी त्या तोडल्या जात आहेत. जीर्णोद्धार म्हणून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, वाहनतळासाठी जागा मोकळी होते आणि शतकानुशतकांचे वृक्ष आडवे पडतात. देवाला मोठे छप्पर मिळते, पण त्याचे वन जाते. हे करणारे धर्मविरोधी नाहीत, भाविकच आहेत. देवराई म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविलेच नाही. हेच त्या प्रकल्पवहीचे अपयश आहे.

मार्ग हाताशी आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. कित्येक गावांत ती केवळ पूर्ततेपुरती तयार झाली आहे. शाळेने जवळची एक देवराई दत्तक घ्यावी, मुलांनी महिन्यातून एकदा तेथे जावे, जाणत्यांना विचारावे, छायाचित्रांसह नोंदी कराव्यात आणि त्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत जाव्यात. देवस्थानाच्या विश्वस्तांनी जीर्णोद्धारापूर्वी ती वही उघडावी. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. आरंभ तेव्हा करता येईल.

ज्या मुलाने एका झाडाचा बहर तीन वर्षे स्वतःच्या हाताने नोंदविला आहे, तो मोठा झाल्यावर त्या झाडावर कुऱ्हाड चालू देणार नाही. देवराईला आज असे राखणदार हवे आहेत.