दोरी बांधली की झालं असं नाही

मंडळी, सिंगापूरला उंच इमारतींवर काम करणारे कामगार, त्यात भारतातले नि बांगलादेशचे पुष्कळ, खांद्यापासून मांड्यांपर्यंत पट्ट्या बांधून वर चढतात. पट्ट्यांना जोडलेली दोरी म्हणजे लॅनयार्ड. मुलांनो, २ मीटरची दोरी पायापाशी अडकवली, तर पडणारा साडेतीन मीटर तरी खाली जातो. डोक्यावर अडकवली, तर थोडाच. दोरीला घड्या घालून शिवलेला पट्टा असतो. त्याचे टाके उसवत जातात आणि हिसका कमी होतो. एकदा उसवला की टाकूनच द्यावा. नुसता कमरपट्टा मला पटत नाही, सगळा हिसका पोटावर नि कण्यावर येतो.

नर्स म्हणून सांगते, दोरीने वाचलेला माणूसही धोक्यात असतो. निश्चल लटकत राहिला तर रक्त पायांत साचतं, शुद्ध जाते, जीवही जाऊ शकतो. त्याने पाय हलवत राहावे आणि इतरांनी त्याला झटपट उतरवावे. शिडी कुठे आहे हे तेव्हा शोधत बसायचं नाही!

तिथे २०१३च्या नियमांप्रमाणे ३ मीटरपेक्षा जास्त पडण्याचा धोका असेल, तर कामाआधी लेखी परवाना लागतो. घरकामाच्या बायकाही खिडक्या पुसताना पडून मेल्या, म्हणून २०१२ साली त्यांच्यासाठी नियम आला: उंच मजल्यावर बाहेरची बाजू पुसायची तर खिडकीला ग्रिल हवं, त्याला कुलूप हवं आणि घरचं मोठं माणूस जवळ उभं हवं.