आधी परमिट, मग कोयता

पावसाळा तोंडावर आला की रुळांलगतच्या झाडांची आठवण होते. वर्षभर कागदावर राहिलेले काम चार दिवसांत उरकण्याची घाई सुटते आणि गँगमनच्या किंवा कंत्राटी मजुराच्या हाती कोयता देऊन ‘जरा एवढी फांदी उतरव’ असे तोंडी फर्मान निघते. या तोंडी फर्मानाला आमचा ठाम विरोध आहे.

आपल्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. ती जीव घेण्यासाठी स्पर्शाची वाट पाहत नाही. जवळ गेले तरी ठिणगी उडी मारते. म्हणूनच चालू तारेच्या दोन मीटरच्या आत कोणी जायचे नाही, असा नियम आहे. ओली फांदी, ओला बांबू, ओला दोर यांतून वीज वाहते. लाकूड आहे म्हणून धोका नाही, हा समज घातक आहे.

झाडाचा कोणताही भाग चालू तारेपासून चार मीटरच्या आत नसावा, असे रेल्वेच्या कर्षण नियमावलीत आहे. बुंधा तोडणे अभियांत्रिकी खात्याचे काम, पण विद्युतीकरण झालेल्या मार्गावर ते टी.आर.डी.च्या अधिकृत माणसासमोरच व्हावे. रोजची छाटणी टी.आर.डी.कडे. नियम इतका स्पष्ट असूनही दोन खात्यांच्या पत्रव्यवहारात झाड मात्र वाढत राहते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कोकण किनाऱ्यावर झाडे उन्मळून पाडली. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आता तिथेही झाड पडले तर ते तारेवर पडू शकते.

बंधूंनो, ‘लाईन बंद आहे’ एवढे ऐकून झाडावर चढू नका. शेजारच्या चालू लाईनमुळे बंद तारेतही दाब निर्माण होतो. पॉवर ब्लॉक मिळाला, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार अर्थ झाली आणि लेखी परमिट हाती आले, की मगच कामाला हात घालावा. फांद्या शेंड्याकडून, लहान तुकड्यांनी, दोराने बांधून तारेच्या उलट बाजूस उतरवाव्यात. वारा-पावसात काम थांबवावे. माणसे आणि हत्यारे मोजून बाहेर आल्याखेरीज परमिट परत करू नये. तार तुटून पडली असेल तर ती चालूच आहे असे धरून सर्वांना दूर ठेवावे आणि ताबडतोब ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरला कळवावे.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींनीही हे मनावर घ्यावे. पोस्टाच्या आवारातल्या झाडातून विजेची तार गेली असेल, तर पॅकरला किंवा ग्रामीण डाक सेवकाला शिडीवर चढवू नये. वीज कंपनीला लेखी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. शहरी हद्दीत झाड तोडायचे असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष कायद्याची परवानगीही पाहावी.

आमच्या मागण्या साध्या आहेत. झाडांची संयुक्त पाहणी उन्हाळ्यातच व्हावी. छाटणीसाठी पुरेसा ब्लॉक मिळावा. गाडी वेळेवर धावावी म्हणून माणसाचा जीव पणाला लावू नये. कंत्राटी मजुरालाही तेच प्रशिक्षण आणि तेच संरक्षण मिळावे. काम कंत्राटदाराला दिले म्हणून रेल्वेची जबाबदारी संपत नाही.

परमिटाशिवाय काम नाकारणे ही शिस्त आहे, बेशिस्त नव्हे. त्यासाठी कोणावर चार्जशीट आली, तर युनियन त्याच्या पाठीशी उभी राहील.

परमिट नाही, तर कोयता नाही!