तीन कोटी डॉलरची जागा

परवा संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे बॅग भरायच्या बरोब्बर वेळेला, एचआरकडून एक एक्सेल शीट आली. माझ्या टीममधली अकरा नावं, नावापुढे सीटीसी, सीटीसीपुढे यंदाचं रेटिंग आणि शेवटी एक रिकामा कॉलम. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं, ‘अ‍ॅक्शन’. सीटीसीमधला सगळ्यात मोठा आकडा आणि रेटिंगमधला सगळ्यात छोटा आकडा एकाच माणसाच्या नावापुढे. त्यांना आपण नुसतं ‘सर’ म्हणू. मी नवा होतो तेव्हा मला काम त्यांनीच शिकवलं. कॉलम शुक्रवारपर्यंत भरायचाय.

घरी आलो, जेवलो आणि शीट उघडायची सोडून बेसबॉलच्या जुन्या मॅचेस बघत बसलो. थांबा, पान उलटू नका! मला बेसबॉलमधलं जेवढं कळतं ते सगळं या शीटबद्दलच आहे, हे रात्री दीड वाजता माझ्या लक्षात आलं.

२०११ मध्ये मी ऑनसाइट होतो, अमेरिकेत सेंट लुईसला. त्या गावात दोनच ऋतू असतात : कार्डिनल्सचा सीझन आणि कार्डिनल्सच्या सीझनची वाट बघणं. क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉल अर्धा कळतोच. होम रन म्हणजे आपला सिक्सर, फक्त फार महाग. १६२ मॅचेसच्या सीझनमध्ये ३० मारले तरी लोक डोक्यावर घेतात. आणि सेंट लुईसने तेव्हा डोक्यावर घेतलेला माणूस होता अल्बर्ट पुहोल्स. ११ सीझनमध्ये ४४५ होम रन, तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्या ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिजच्या एका मॅचमध्ये पठ्ठ्याने तीन होम रन ठोकले. कार्डिनल्स जिंकले, अख्खं ऑफिस लाल टी-शर्टात आलं.

आणि डिसेंबरात पुहोल्स गेला! कॅलिफोर्नियातल्या एंजल्सनी त्याला दहा वर्षांचे २४ कोटी डॉलर देऊ केले होते. कार्डिनल्सनीही ऑफर दिली होती, पण त्या आकड्याला ते भिडले नाहीत. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या सहकाऱ्याने डेस्कवरचा पुहोल्सचा फोटो उचलला. मला वाटलं, फाडतो आता. त्याने तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला. फोटो ध्यानात ठेवा, पुढे येणार आहे.

पुहोल्स तेव्हा ३१ वर्षांचा होता. म्हणजे करार संपेल तेव्हा तो ४१ चा. ४१ व्या वर्षी बेसबॉल खेळणं किती अवघड, हे एंजल्सना कळत नव्हतं का? कळत होतंच. मग दिले कशाला? तर या धंद्याची पगाराची रचनाच तशी आहे. पहिली साधारण तीन वर्षं टीम देईल तो पगार, बहुतेकदा किमान. पुढची तीन वर्षं घासाघीस, लागलं तर लवादापुढे. सहा वर्षांची सर्व्हिस झाली की मग तो ‘फ्री एजंट’, कुणाशीही भाव करायला मोकळा. आणि बॅटरची सगळ्यात चांगली वर्षं कोणती? साधारण पंचविशी ते तिशी. म्हणजे सगळ्यात भारी खेळतो तेव्हा पगार कमी, आणि पगार वाढतो तेव्हा गुडघे बोलायला लागलेले.

पुहोल्सचंच बघा. २००१ च्या पहिल्या सीझनला पगार २ लाख डॉलर, होम रन ३७. शेवटच्या, २०२१ च्या करारवर्षाला पगार ३ कोटी डॉलर. करारही असा उतरता नाही, चढता लिहिलेला : पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख आणि तिथून वर वर. माणूस जिना उतरतोय आणि पगार लिफ्टने वर चाललाय.

तेव्हा ‘एवढा पगार घेतो आणि खेळत काहीच नाही’ असं म्हणण्याआधी जरा दमानं घ्यावं. त्या पगारात जुन्या कामाची थकबाकीही असते. फक्त ती बऱ्याचदा भलत्याच मालकाला भरावी लागते. पुहोल्सची उमेदीची वर्षं कार्डिनल्सनी वापरली, बिल एंजल्सनी चुकतं केलं.

आणि बिल चुकतं करावंच लागतं. मेजर लीगमधले असे करार गॅरंटीड असतात. खेळवा, बाकावर बसवा, काढून टाका, पैसे द्यायचेच. शिवाय लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच टीममध्ये झाली की त्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या टीमच्या गळ्यात मारताही येत नाही.

मग एंजल्सनी तेच केलं जे तुम्ही-आम्ही मल्टिप्लेक्समध्ये करतो. इंटरव्हलपर्यंत कळलेलं असतं की पिक्चर भिकार आहे. पण तिकिटाचे पैसे गेलेत ना, मग बसा! पैसे वसूल करायच्या नादात आणखी दीड तास घालवतो. पुहोल्सचा पाय दुखावला, २०१३ चा सीझन अर्ध्यात संपला. पहिली काही वर्षं अधूनमधून जुना पुहोल्स दिसायचा, मग दिसेनासा झाला. सेंट लुईसमध्ये त्याची सरासरी होती .३२८ (.३०० च्या वर म्हणजे उत्तम), एंजल्सकडे .२५६. तरी वर्षानुवर्षं तो रोज मैदानात. एवढे पैसे देतोय, मग बसवून कसं ठेवायचं? त्या दहा वर्षांत एंजल्स प्लेऑफमध्ये पोचले एकदाच, २०१४ मध्ये, आणि तीनपैकी तिन्ही मॅचेस हरून घरी आले.

इकडे कार्डिनल्सचं काय झालं? पुहोल्स गेल्याच्या भरपाईत त्यांना एंजल्सचा २०१२ च्या ड्राफ्टमधला १९ वा नंबर मिळाला. त्यावर त्यांनी मायकल वाका नावाचा एक पोरगेला पिचर घेतला. पुढच्याच वर्षी त्या पोराने त्यांना वर्ल्ड सीरिजपर्यंत नेलं आणि त्याआधीच्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. ते वर्ल्ड सीरिज हरले ही गोष्ट वेगळी.

आता मुद्द्यावर येतो. म्हातारा वाघ कधी सोडायचा? लोक उत्तर पगारात शोधतात. ते तिथे नाहीये. पैसे ज्या दिवशी सही केली त्याच दिवशी गेले. रोज सकाळी मॅनेजरच्या हातात उरते ती एकच गोष्ट : जागा. संघात २६ जणांना जागा, मैदानात त्याहून कमी. त्यामुळे प्रश्न ‘याला किती देतोय’ हा नाहीच. ‘याच्या जागेसाठी दाराबाहेर कोण उभं आहे’ हा आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये एंजल्सच्या दाराबाहेर दोघं उभे होते. एक शोहेई ओहतानी, जो पिचिंगही करायचा आणि नुसत्या बॅटिंगसाठी असलेली जागाही घ्यायचा. दुसरा जॅरेड वॉल्श, फर्स्ट बेसवरचा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ३९ व्या फेरीत घेतलेला, म्हणजे रांगेत जवळजवळ शेवटी उभा असलेला मुलगा. पुहोल्स खेळू शकेल अशा जागा याच दोन. त्याची सरासरी .१९८ वर आलेली. ६ मे २०२१ ला, सीझन सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, एंजल्सनी त्याला यादीतून काढलं. करार संपायला पाचेक महिने उरले होते आणि पगार पूर्ण द्यावा लागणार होता. तरी काढलं. त्या वर्षी ओहतानी लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि वॉल्श ऑल-स्टार संघात गेला.

म्हणजे निर्णय बरोबरच होता. फक्त उशिरा झाला, आणि झाला तेव्हा फार घाईत झाला.

हेच काम यांकीजनी २०१६ मध्ये बऱ्या रीतीने केलं होतं. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज, करार दहा वर्षांचा, २७ कोटी ५० लाखांचा, त्यातलं एक अख्खं वर्ष उत्तेजकांच्या बंदीत वाया घालवलेलं. म्हणजे राग यायला कारणं भरपूर. पण त्यांनी रविवारी पत्रकार परिषद घेतली, शुक्रवारची शेवटची मॅच घरच्या मैदानावर दिली, उरलेले पैसे दिले आणि वर सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. शेवटच्या मॅचला लोक उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, दोन नवी पोरं पहिल्यांदा उतरली आणि दोघांनी आपापल्या पहिल्याच संधीत पाठोपाठ होम रन मारले. त्यातला एक अ‍ॅरन जज. पुढच्या सीझनला त्याने ५२ मारले.

आणि दाराबाहेर कुणीच नसेल तर? तर ठेवा की! डेट्रॉईटने मिगेल काब्रेराला २०२३ पर्यंत, करार संपेपर्यंत ठेवलं. शेवटच्या वर्षी पगार ३ कोटी २० लाख, होम रन चार. वाया? टीम तेव्हा नव्याने बांधायला काढलेली, २०१९ ला तर ११४ मॅचेस हरलेली. जिंकण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा त्याचा ५०० वा होम रन आणि ३००० वी हिट बघायला तरी लोक येत होते. तो कुणाचा रस्ता अडवत नव्हता.

एवढंच असतं तर मी रात्री दीडला शीट भरून झोपलो असतो. ओहतानी आत, पुहोल्स बाहेर. पण गोष्ट ६ मे ला संपत नाही.

एंजल्सनी काढल्यावर काही दिवसांत शेजारच्याच शहरातल्या डॉजर्सनी त्याला किमान पगाराच्या हिशेबाने उचललं. बाकीचा पगार एंजल्सच भरत होते. डॉजर्सना रोजचा पुहोल्स नको होता. त्यांना हवा होता डावखुऱ्या पिचरसमोर उभा राहणारा पुहोल्स. कारण दहा वर्षांत सगळं गेलं तरी डावखुऱ्यांचा चेंडू त्याला अजून दिसत होता. त्याने उरलेल्या सीझनमध्ये १२ होम रन मारले.

मग २०२२ ला तो घरी परतला. सेंट लुईसला, पगार २५ लाख, वय ४२, काम तेच : मोजक्या मॅचेस, जास्त करून डावखुरे पिचर. जुलैमधल्या ऑल-स्टार ब्रेकपर्यंत होम रन फक्त सहा. लोक म्हणायला लागले, चला, निरोपाचं वर्ष आहे, चालायचंच. त्यानंतर त्याने १८ मारले! २३ सप्टेंबरला ६९९ वा आणि ७०० वा एकाच रात्री, आणि तोही डॉजर्सच्याच मैदानावर. एकूण ७०३ वर थांबला. ७०० च्या पुढे त्याच्याआधी तिघेच गेले होते : बेब रूथ, हँक एरन आणि बॅरी बाँड्स.

आपल्याकडे भारतात ती शनिवारची सकाळ होती. मला सेंट लुईसच्या त्या सहकाऱ्याची मेल आली. मजकूर काहीच नाही, नुसती अ‍ॅटॅचमेंट. डेस्कवर तोच फोटो. अकरा वर्षांनी ड्रॉवरमधून बाहेर.

म्हणून परवा रात्री शेवटी शीट उघडली तेव्हा मी सीटीसीचा कॉलम चक्क हाइड केला. मग दोनच प्रश्न उरले. पहिला : सरांच्या जागेबाहेर कोण उभं आहे? त्याचं उत्तर शीटमध्ये आठव्या ओळीवर होतं. दोन वर्षं झालेली एक मुलगी सरांचं अर्धं काम रोज रात्री थांबून उरकते, आणि रिव्ह्यूमध्ये नाव सरांचं जातं. हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत आहे. आम्ही दोघंही गप्प होतो, कारण सर आहेत ना.

दुसरा : सरांचा डावखुरा पिचर कोण? तेही मला माहीत होतं. क्लायंट चिडून कॉलवर येतो तेव्हा आम्ही सगळे म्यूट करून एकमेकांकडे बघतो. तेव्हा अजूनही एकच आवाज शांतपणे बोलतो.

‘अ‍ॅक्शन’च्या कॉलममध्ये मी एका शब्दाऐवजी चार ओळी लिहिल्यात. तिला त्यांची जागा. त्यांना फक्त क्लायंट, आणि टायटल बदलून. एचआरला ते पटेल की नाही, माहीत नाही. त्या कॉलममध्ये चार ओळी मावत नाहीत, असंही उत्तर येऊ शकतं. पण शीट पाठवण्याआधी हे सरांना माझ्या तोंडून कळायला हवं, मेलमधून नाही. एंजल्सकडून शिकलो ते एवढंच.

गुरुवारी दुपारी मेसेज टाकला : ‘सर, चार वाजता टपरीवर चहा? थोडं बोलायचंय.’

दोन मिनिटं निळ्या टिका आणि शांतता. मग उत्तर आलं.

‘येतो. मलाही वाटतच होतं, तू कधी बोलावतोस. चहाचे पैसे तू द्यायचेस, आता लीड तू आहेस.’